राष्ट्रपुरुष कोण ठरवतं? (सोसायटीचा हॉल आणि पाच तसबिरी)

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला आमची ४८ फ्लॅटची सोसायटी आहे. यंदा खालचा हॉल रंगवला. रंगाच्या वेळी भिंतीवरचं सगळं उतरवलं. दारावरची शिवाजी महाराजांची तसबीर पुसून परत जागच्या जागी लावली, त्यावर चर्चा करावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. समोरची भिंत मात्र मोकळी राहिली. तिथे 'पाच राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी' लावायच्या आणि २६ जानेवारीला अनावरण करायचं, असं कमिटीने पत्रिकेवर लिहिलं. अर्ध्या तासात आटपेल असं वाटलेली मिटिंग पावणेदोन तास चालली.

दुसऱ्या मजल्यावरच्या घोषबाबूंना नेताजी हवेत. मारवाडी काकांना महाराणा प्रताप. भगूरचे सावरकर हवेत म्हणणारे होते आणि नकोत म्हणणारेही होते, तिथे आवाज चढले. सेक्रेटरी म्हणाले, आपण महाराष्ट्रात राहतो, पाचही महाराष्ट्रातले घ्या, विषय संपला.

आमच्या शेजारी एक केरळच्या बाई आहेत, हॉस्पिटलात नर्स. सगळी सोसायटी त्यांना सिस्टर म्हणते. २२ वर्षं नाशकात आहेत, रात्री-अपरात्री कुणाचं बीपी वाढलं तर पहिली बेल त्यांचीच वाजते. त्या कधी मिटिंगमध्ये बोलत नाहीत. परवा बोलल्या. म्हणाल्या, "नारायण गुरू." तीन-चार जणांनी एकदम विचारलं, "कोण?" दोघं हसलेसुद्धा. सिस्टर म्हणाल्या, "केरळात सावित्रीबाई म्हटलं तर तिकडेही असंच विचारतात. मी सुट्टीत जाते तेव्हा सांगते." आणि खाली बसल्या.

मला रात्री झोप लागली नाही. एखादा माणूस सगळ्या देशाचा नेमका कधी होतो? की प्रत्येकाने आपापली तसबीर आणायची आणि खिळ्यांची वाटणी करायची, एवढाच त्याचा अर्थ? पुढची मिटिंग रविवारी आहे. मनापासून विचारतेय, लिहा.

चौकातला_चहा

पाच खिळ्यांवर देश मावणार नाही ताई, भिंत वाढवून घ्या. वाचतोय.

निवृत्त_बाबू

चांगला धागा. कोण ठरवतं, याचं सरकारी उत्तर माझ्याकडे आहे. दरवर्षी सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक निघतं: राष्ट्रपुरुष आणि थोर व्यक्तींच्या जयंत्या, राष्ट्रीय दिन, तारखांसकट. 'राष्ट्रपुरुष' हा शब्द आपल्या तोंडी बसला त्यात त्या परिपत्रकाचाही वाटा आहे. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत ती यादी वाढतच गेली.

ऑफिसात जयंती म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. कपाटातून तसबीर काढायची, टेबलावर पांढरं कापड, हार, उदबत्ती, साहेब आले की फुलं वाहायची, फोटो काढून वर पाठवायचा. दहा मिनिटांत जो तो आपल्या टेबलावर. यादीत नाव असलं म्हणजे माणूस मनात असतोच असं नाही.

पण एकदा २३ फेब्रुवारीला, गाडगे महाराजांची जयंती. साहेब म्हणाले, कुणी दोन शब्द बोला. सगळे खाली बघायला लागले. आमचा शिपाई पुढे आला. म्हणाला, "मी गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहून शिकलो. बाबा मी पाहिले नाहीत. पण माझ्या डोक्यावर छप्पर त्यांचं होतं." बस, एवढंच. आणि हार घातलेली तसबीर त्याने रुमालाने परत एकदा पुसली. त्या दिवशी कुणी लगेच टेबलाकडे गेलं नाही. परिपत्रकाने तारीख दिली, माणूस त्या शिपायाने दिला, असं मला तेव्हापासून वाटतं.

चांदवडकर

बाबूकाका, प्रतिसाद फार आवडला.

माझं मत सरळ आहे. ज्याने आपल्या हद्दीबाहेरच्यांसाठी केलं तो देशाचा. आमच्या चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे, लहानपणी तिथे लपाछपी खेळलोय. तेव्हा वाटायचं अहिल्याबाई आमच्याच. पुढे काशीला गेलो, घाटावर त्यांचं नाव. गयेला विष्णुपद मंदिर त्यांनी बांधलेलं. सोमनाथला देऊळ त्यांचं. ही गावं काय होळकरांच्या राज्यात होती? नव्हती. जन्म चौंडीचा, राज्य माळव्याचं, खर्च मात्र साऱ्या देशात, तोही होळकरांच्या खासगीतून. काशीच्या नावाड्याला मी विचारलं, कोण होत्या त्या? म्हणाला, "हमारी रानी थी." मी वाद घातला नाही. त्याची पण होतीच की.

येवलेकर

+१ चांदवडकर. माझा अनुभव उलट्या बाजूने.

भोपाळला कामाला गेलो होतो. रिक्षावाला म्हणाला, टी. टी. नगर उतरा. आठ दिवस टी. टी. नगरला राहिलो. शेवटच्या दिवशी स्टेडियमची पाटी पूर्ण वाचली: तात्या टोपे. म्हणजे टी. टी. म्हणजे आमचे तात्या! जन्म आमच्या येवल्याचा, फाशी शिवपुरीला, १८ एप्रिल १८५९. आणि मी येवल्याचा माणूस आठ दिवस त्यांच्या नावाच्या वस्तीत राहून मला पत्ता नाही. रिक्षावाल्याला उत्साहाने सांगितलं, हे आमच्या गावचे. तो म्हणाला, "अच्छा? हम तो समझते थे यहीं के हैं."

मला त्याचं ते वाक्य अजून पुरतं. 'इथलेच असतील' असं दुसऱ्या मुलखातल्याला वाटणं, याहून मोठी पावती कुठली? झाशीच्या राणीचं तेच. माहेर मराठी, जन्म काशीचा, राज्य बुंदेलखंडात, देह ठेवला ग्वाल्हेरला. आणि हिंदी मुलखातल्या शाळकरी पोरांना ती त्यांच्या भाषेतल्या कवितेतून तोंडपाठ. ती 'आपली' की 'त्यांची' हे विचारायलाच कुणी उरलं नाही.

स्पष्ट_बोलतो

सगळे गोड बोलताहेत म्हणून कडू बोलतो. आधी आपल्यांना तरी आठवा, मग देशाचं बघू. अनंत कान्हेरेंचं नाव दिलेलं मैदान नाशकात आहे. रोज सकाळी शेकडो लोक तिथे चालायला येतात. कुठे गेला होतात विचारलं की काय सांगतात? "गोल्फ क्लबला." १८-१९ वर्षांचा पोरगा. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये नाशिकचा कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. त्याच्याबरोबर कर्वे आणि देशपांडे पण गेले. त्यांच्या नावाने नाशिककराला दोन वाक्यं बोलता येत नाहीत. आणि आपण नारायण गुरू आणि महाराणा प्रताप करतोय.

सकाळची_फेरी

मी पण 'गोल्फ क्लब'च म्हणते, तुमचं वाचून आज वाईट वाटलं. उद्यापासून पूर्ण नाव घेईन.

जुनी_पेठ

@स्पष्ट_बोलतो, कान्हेरेंचं धैर्य कुणी नाकारत नाही. पण नाशकातच ही गोष्ट दोन्ही अंगांनी सांगितली जायची हेही लिहू द्या. जॅक्सन संस्कृत जाणणारा होता, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणायचे. त्याची बदली झाली होती, आणि त्या रात्री निरोपाचं नाटक होतं 'संगीत शारदा'. दुसरीकडे त्याच्याच काळात बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि राग तोच होता. माझे आजोबा दोन्ही सांगायचे आणि मग गप्प व्हायचे. नायकाची गोष्ट सांगताना समोरच्या बाजूचा माणूस पुसून टाकावा लागत असेल तर ती गोष्ट मला अर्धी वाटते.

स्पष्ट_बोलतो

गुलाम देशात कलेक्टर कितीही विद्वान असला तरी तो राज्यच चालवत होता. संस्कृत येणं हा काय बचाव झाला? फाशी जाताना त्या पोराचं वय बघा आधी.

जुनी_पेठ

बचाव नाही करत हो. गोष्ट पूर्ण सांगतोय. वयाबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत.

संपादक मंडळ

चर्चा उत्तम चालू आहे. आजच्या पक्षांवर आणि निवडणुकांवर कुणी जाऊ नये ही विनंती. तसे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

प्रेसवाले_काका

मी नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये आयुष्य काढलं. माझे वडील शेजारच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. नोटप्रेस १९२८ ची. त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात अक्षरशः पोटापाण्याचा.

लोकांना वाटतं गांधीजी स्वातंत्र्यापासून नोटेवर आहेत. तसं नाही. स्वातंत्र्यानंतर राजाचं चित्र गेलं आणि सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह आले. गांधीजी पहिल्यांदा आले १९६९ ला, जन्मशताब्दीच्या नोटांवर, पाठीमागे सेवाग्राम. नंतर १९८७ ला पाचशेच्या नोटेवर. आणि सगळ्या नोटांवर कायमचे यायला १९९६ उजाडलं. म्हणजे गांधीजींनाही जवळजवळ पन्नास वर्षं लागली. तुमच्या सोसायटीने रविवारपर्यंत ठरवायचं म्हणजे घाईच आहे!

कामाचं सांगतो. शीट डोळ्यांखालून जातं तेव्हा चेहरा दिसत नाही, शाई दिसते. कुठे पसरलीय, कुठे फिकी आहे, रेषा तुटलीय का. पण उजेडाकडे धरलं की पाण्याच्या खुणेतून तोच चेहरा परत वर येतो, शाई नसलेला, नुसता कागदाच्या जाड-पातळपणातून. तिथे मात्र वर्षानुवर्षांत एकदाही असं झालं नाही की मी त्यांच्याकडे माणूस म्हणून बघितलं नाही.

आता सिस्टरांसाठी एक गोष्ट. तुमच्या मिटिंगमध्ये 'कोण?' म्हणून विचारलं ना? १९६७ साली नारायण गुरूंचं पंधरा पैशाचं टपाल तिकीट निघालं. तेव्हा आपल्या देशाची तिकिटं छापली जायची ती नाशिकरोडला, सिक्युरिटी प्रेसमध्येच. वडिलांनी जमवलेल्या अल्बममध्ये ते माझ्याकडे आहे. ज्यांना नाशिककर ओळखत नाहीत त्यांचा चेहरा नाशिकच्या कामगारांनी छापून देशभर पाठवलाय.

गोदाकाठची

काका, अंगावर काटा आला. सिस्टरना आत्ता जाऊन वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, "ते तिकीट बघायला मिळेल का?"

कॉलेजरोडवरून

मला यातून एक सोपा नियम सुचतोय. तुमच्या मिटिंगला लागू करून बघा. ज्याने नाव सुचवायचं तो त्या व्यक्तीच्या जातीचा, प्रांताचा आणि भाषेचा नसावा. घोषबाबूंनी नेताजींचं नाव घ्यायचं नाही, मारवाडी काकांनी प्रतापांचं घ्यायचं नाही. घोषबाबूंना अहिल्याबाईंचं नाव घ्यावंसं वाटलं तर त्या देशाच्या. सिस्टरांनी तर आधीच सावित्रीबाईंचं काम केलंय, केरळात जाऊन. जाता जाता, माझ्या डिग्रीवर सावित्रीबाईंचं नाव आहे, २०१४ पासून आपल्या विद्यापीठाचं तेच नाव. तरी त्यांच्याबद्दल मी कुणाला पुण्यापलीकडे सांगितलं असेल असं आठवत नाही. सिस्टरांनी सांगितलं.

चौकातला_चहा

हा नियम लावला तर आमच्या मंडळाची वार्षिक सभा पाच मिनिटांत संपेल. अनुमोदन!

पंचवटीचा_नातू

कॉलेजरोडवरून, नियम चांगल्या मनाने सुचवलाय, म्हणून शांतपणे लिहितो. मला तो मान्य नाही.

माझे आजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. २ मार्च १९३०. बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी हजारो लोक उभे केले होते, देवळाचे दरवाजे बंद. आजोबांचं वय तेव्हा सतरा. ते सांगायचे, मार लागला त्याचं काही नाही, पण ज्या वाड्यात ते लाकडं फोडून द्यायचे त्याच वाड्याच्या माडीवरून दगड आला. चार-पाच वर्षं ते चाललं, दरवाजा काही उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आजोबा येवल्याला चालत गेले होते.

आता तुमचा नियम १९३० ला लावा. दुसऱ्या जातीच्या किती जणांनी बाबासाहेबांचं नाव सुचवलं असतं? काहींनी, हे मी मान्य करतो, साथ देणारे होते. पण नाशिकच्या सभेत मोजले असते तर बाबासाहेब हरले असते. १९५२ च्या निवडणुकीत तर ते खरंच हरले. भारतरत्न मिळालं १९९० ला. मग १९९० पर्यंत ते राष्ट्रपुरुष नव्हते का? होते. आजोबांना ते माहीत होतं. बाकीच्यांना कळायला वेळ लागला. परक्याने आपलं म्हटलं की माणूस मोठा होतो असं नाही. मोठा तो आधीच असतो. परक्याने आपलं म्हटलं की तो परका सुधारतो.

आणि नारायण गुरू. मी त्यांचं नाव ऐकून आहे, कारण आमच्याकडे हा इतिहास सांगतात. ते ईळवा समाजाचे. त्या समाजाला देवळात जाता यायचं नाही. १८८८ साली अरुविप्पुरमला त्यांनी नदीतून दगड काढला आणि शिवाची स्थापना स्वतःच केली. तुम्हाला हा अधिकार कुणी दिला असं विचारणाऱ्यांना ते म्हणाले, मी आमचा ईळवा शिव बसवलाय, असं सांगतात. तिथे त्यांनी लिहून ठेवलं की जातिभेद आणि धर्मद्वेष नसलेली, सगळे भावासारखे राहतात अशी ही जागा. पुढे १९२४ ला वैकोमचा सत्याग्रह झाला. देवळात जाण्यासाठी नव्हे, नुसत्या देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावं म्हणून! त्याला गुरूंचा पाठिंबा होता, गांधीजी तिथे गेले, पेरियार तुरुंगात गेले. त्रावणकोरची देवळं सर्वांना उघडली १९३६ ला.

म्हणजे वैकोमनंतर सहा वर्षांनी काळाराम. एका देशात दोन बंद दरवाजे, एकाच प्रश्नावर. तुमच्या हॉलमध्ये जे 'कोण?' विचारून हसले, त्यांच्या घरापासून काळाराम मंदिर किती किलोमीटर आहे?

कॉलेजरोडवरून

नातूदादा, नियम मागे घेते. 'मोठा तो आधीच असतो' हे मला सुचायला हवं होतं. आजोबांची लाकडं फोडण्याची गोष्ट वाचून फार वेळ काही लिहिता आलं नाही.

पंचवटीचा_नातू

मागे घेऊ नका ताई, राहू द्या. नियम माणसाला मोजायला वापरू नका, सोसायटीला मोजायला वापरा. त्या कामाला तो बरोबर आहे.

सुरगाण्याची_शाळा

मी सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. इकडे ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, आणि १५ नोव्हेंबरला, बिरसा जयंतीला, मिरवणूक निघते, पुढे फोटो बिरसा मुंडांचा. बिरसा झारखंडचे, मुंडारी बोलणारे. माझी पोरं कोकणा बोलणारी. मधे हजारेक किलोमीटर. इकडच्या म्हाताऱ्यांनी रांची नकाशातसुद्धा बघितलेलं नाही.

मी एकदा चौथीच्या वर्गात विचारलं, बिरसा कुठले? एक पोरगी म्हणाली, "पलीकडच्या डोंगरावरचे." मी दुरुस्त केलं नाही. तिला बरोबर कळलं होतं. जमीन आणि जंगल हातातून जातंय म्हणून उठलेला माणूस, चोविसाव्या वर्षी तुरुंगात मेला, ९ जून १९००. या पोरांचे आईबाप २०१८ च्या मार्चमध्ये वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी नाशिकहून मुंबईला पायी गेले होते. पायांचे फोड मी बघितलेत. त्यांना बिरसा कुणी परिपत्रकातून दिला नाही.

शेजारच्या अकोले तालुक्यातले राघोजी भांगरे आमच्याकडे घराघरात माहीत आहेत, १८४८ ला ठाण्यात फाशी गेले. त्यांचा फोटो बिरसांच्या बाजूला लावतात. दोघांची गाठ पडणं शक्य नव्हतं, राघोजी गेल्यावर सत्तावीस वर्षांनी बिरसा जन्मले. पण भिंतीवर ते शेजारी आहेत आणि पोरांना त्यात काही चुकीचं वाटत नाही.

मॅरेथॉन_मावशी

सगळे गेलेलेच का? आपल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्य घेऊन आली तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहिले होते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. ज्या गावात पाण्यासाठी टँकर बघतात तिथला मुलगा रोइंगमध्ये रिओ ऑलिम्पिकला गेला! २०१८ च्या एशियाडला चौघांच्या नावेत सुवर्ण. त्या नावेतले बाकी तिघं दुसऱ्या राज्यांतले. वल्ही एकत्र पडल्याशिवाय नाव सरळ जात नाही. तुमच्या मिटिंगला तोच व्हिडिओ लावा.

कुस्तीवेडा

मावशी, खाशाबा जाधवांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायला पैसे नव्हते, वर्गणी काढली, कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मेल्यावर. देशाने उशीर केला, त्यांच्या गोळेश्वर गावाने केला नव्हता. गावाने त्यांना बैलगाड्यांच्या मिरवणुकीतून आणलं होतं. म्हणून नातूदादांचं मला शंभर टक्के पटतं.

नाशिक_ते_तिराना

अवांतर वाटेल, पण नाही. कामासाठी अल्बानियाला गेले होते. तिरानाच्या विमानतळाला नाव मदर तेरेसांचं. तिथला टॅक्सीवाला म्हणाला, त्या आमच्या, अल्बेनियन. जन्म स्कोप्येचा, आज ते उत्तर मॅसेडोनियात, तिथेही त्यांचं स्मारक आहे. मी म्हटलं, त्या आमच्या, कोलकात्याच्या, १९८० ला भारतरत्न दिलंय. दोघंही थोडे तापलो. मग त्याने विचारलं, "तुम्ही त्यांना बघितलं होतं?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मी पण नाही." आणि बिल देताना त्याने वरचे सुटे घेतले नाहीत.

एक माणूस तीन देशांचा असला तर कुणाचा तुकडा लहान होत नाही. भगतसिंगांचं बघा ना. जन्म आणि फाशी, दोन्ही जागा आज सरहद्दीपलीकडे. म्हणून ते आपले कमी झाले का? आणि लाहोरमधले जे लोक तिथल्या चौकाला त्यांचं नाव द्या म्हणून मागणी करत आले, त्यांनी आपल्याकडून काही काढून घेतलं का?

स्पष्ट_बोलतो

हे पटलं. आणि सुरगाण्याच्या मास्तरांचं तर फारच. मी वर 'नारायण गुरू करतोय' असं लिहिलं ते मागे घेतो. कान्हेरेंचं मात्र मागे घेत नाही.

जुनी_पेठ

कान्हेरेंचं कुणीच मागे घेऊ नये. या १९ एप्रिलला मैदानावर भेटू, मी फुलं आणतो.

स्पष्ट_बोलतो

ठरलं.

गोदाकाठची

मंडळी, रविवारची मिटिंग झाली. जसं झालं तसं सांगते.

हा धागा मी छापून नेला होता. कॉलेजरोडताईंचा नियम वाचला आणि नातूदादांचं उत्तरही वाचलं. सेक्रेटरी म्हणाले नियम-बियम नको, मतदान घ्या. तरीही काही गोष्टी झाल्या. घोषबाबूंनी स्वतःहून बाबासाहेबांचं नाव सुचवलं. मारवाडी काकांनी अहिल्याबाईंचं, ते दरवर्षी काशीला जातात. नेताजी एका पंजाबी काकूंनी सुचवले. सावित्रीबाई अर्थातच सिस्टरांनी.

शिडी धरून आमचे वॉचमन उभे होते, गाझीपूरचे. कुणीतरी सहज विचारलं, तुम्ही कुणाचं नाव घ्याल? ते लगेच म्हणाले, "अब्दुल हमीद." १९६५ चे परमवीर, त्यांच्याच जिल्ह्यातल्या धामूपूरचे. जीपवरच्या तोफेने पंजाबातल्या असल उत्तर गावापाशी पॅटन रणगाडे फोडणारे. त्यांनी दोन मिनिटं सगळं हाताने दाखवून सांगितलं, जीप कुठे, उसाचं शेत कुठे. आर्टिलरीतून रिटायर झालेले आमचे पाटीलकाका उठले आणि त्यांनी ते नाव अधिकृतपणे सुचवलं. पाचवा खिळा तिथे गेला.

नारायण गुरू दोन मतांनी राहिले. मला फार लागलं. मी मत मागायला आणखी चार घरं फिरायला हवी होती. सिस्टर शांत होत्या, म्हणाल्या, "आता निदान 'कोण' विचारणार नाहीत." सेक्रेटरींनीच मग सुचवलं की २६ ला अनावरणानंतर दहा मिनिटं गुरूंवर कुणी बोलावं.

नातूदादा, तुम्ही याल का? वैकोम आणि काळाराम, दोन्ही एकत्र सांगायला. सकाळी झेंडावंदन साडेसातला, तुमचं आठला. आणि तसबिरींना काच घ्यावी की लॅमिनेशन? हॉलला दुपारी पश्चिमेचं ऊन येतं.

निवृत्त_बाबू

काच घ्या. आमच्या ऑफिसात लॅमिनेशनला फुगे आले होते. मागे प्लायवूड मारा, पावसाळ्यात ओल धरते. आणि दरवर्षी एकदा उतरवून पुसायचं कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा, नाहीतर होत नाही.

पंचवटीचा_नातू

येतो. आजोबांचा त्या वेळचा एक फोटो आहे, तो आणू का? लावायला नको, नुसता दाखवायला. आणि 'अरुविप्पुरम'चा उच्चार सिस्टरांकडून आधी शिकून घेईन, निरोप द्या.

गोदाकाठची

आणाच. सिस्टर म्हणाल्या, साडेसातच्या आधी या, चहा त्यांच्याकडे.

प्रेसवाले_काका

मी पण येतो नाशिकरोडहून. तिकीट आणतो. अल्बममधून काढणार नाही, अख्खा अल्बमच आणतो, आणि एक भिंग. पहिल्यांदा सिस्टरांनी बघायचं.